छत्तीसचा आकडा

दोन माणसांचे पटत नाही म्हणजे त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे, असे आपण म्हणतो. देवनागरीतील ३ आणि ६ हे अंक शेजारी लिहिले की ते एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात, यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. तेच दोन अंक उलट क्रमाने मांडले, म्हणजे ६३ लिहिले, की ते समोरासमोर येतात. अंक तेच, आकृती त्याच. परंतु जागा बदलताच वैराचे सख्य होते. ज्याने हा वाक्प्रचार प्रथम उच्चारला त्यास गणित येत होते की नाही कोण जाणे. परंतु आपल्या संख्यालेखनाचे सारे रहस्य त्याने नकळत सांगून ठेवले आहे. अंकाचे मोल त्याच्या आकृतीत नाही, तो बसला आहे त्या जागेत आहे.

काही दिवसांपूर्वी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गावर असताना, प्रस्तुत लेखकाने फळ्यापाशी उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्यास ‘त्रेसष्ट’ लिहावयास सांगितले. त्याने निःशंकपणे ३६ लिहिले. वर्ग हसला. मागील बाकावरून कोणी तरी ‘सिक्स्टी थ्री’ म्हणून पुटपुटले, तेव्हा त्या मुलाने खजील होऊन आकडा पुसला आणि दुरुस्त केला. एवढ्यावर थांबते तर हे प्रकरण मराठीच्या दुरवस्थेची एक करमणुकीची गोष्ट म्हणून खपले असते. परंतु हसणारांस आम्ही विचारले : ६३ मधून ३६ वजा करा. उत्तर आले, २७. आता ८२ मधून २८ वजा करा. उत्तर आले, ५४. दोहोंसही नऊने निःशेष भाग जातो. कोणतीही दोन अंकी संख्या घ्या, तिचे अंक उलटे करा आणि मोठीतून लहान वजा करा, दरवेळी असेच होते. असे का होते? यावर मात्र वर्गात जी शांतता पसरली ती पुष्कळ वेळ टिकली. ज्यास ‘त्रेसष्ट’ हा शब्द कळला नव्हता तो आणि ज्यांस तो कळला म्हणून हसू आले होते ते, असे सर्वजण आता एकाच पंक्तीत बसले होते.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, संख्यांच्या शिक्षणावरून महाराष्ट्रात जो एकमेव मोठा वाद आमच्या आठवणीत झाला, तो सर्वस्वी हसण्याच्या पहिल्या प्रसंगाविषयी होता. शांततेच्या दुसऱ्या प्रसंगाविषयी त्यात कोणी अवाक्षरही काढले नाही. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’, ‘नव्वद सात’ अशा रीतीने संख्या वाचण्यास सांगितले आहे, हे लोकांच्या ध्यानात आले आणि एकच गहजब उडाला. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली, विधिमंडळात प्रश्न निघाला, खुद्द मुख्यमंत्र्यांच्या आडनावातील ‘वीस’ धरून विनोद झाले, आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत मराठीची हत्या झाल्याचे सुतक पाळण्यात आले. या पुस्तकाच्या बाजूने ठामपणे बोलणाऱ्या डॉ. मंगला नारळीकर या गणिताच्या अभ्यासमंडळाच्या प्रमुख होत्या. संख्यांच्या उच्च अभ्यासात ज्यांनी डॉक्टरेट मिळविली, ‘गणितगप्पा’सारखे पुस्तक लिहून ज्यांनी मराठी मुलांस गणिताची गोडी लावली, त्या विदुषीस आपली भाषा कळत नाही असे सांगण्यास लोकांनी कमी केले नाही. जुलै २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. आता धुरळा खाली बसला आहे. तेव्हा त्या वादात कोणाचे किती खरे होते हे शांतपणे पाहण्यास हरकत नसावी.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. जुनी नावे त्या पुस्तकातून हद्दपार केलेली नव्हती. जुनी आणि नवी अशा दोन्ही रीती मुलांपुढे ठेवून, सोप्या रीतीवरून अवघड रीतीकडे त्यांस न्यावे, एवढाच हेतू होता. ज्यांनी पुस्तक न उघडता पुस्तकावर टीका केली त्यांची गोष्ट निराळी. परंतु ज्यांनी ते उघडले त्यांस हे दिसावयास हवे होते.

आता ही सोपी रीत हवीच कशाला? आपण प्रौढ माणसे रोज बोलतो म्हणून मराठी संख्यानामांचा विलक्षणपणा आपणांस जाणवत नाही. परंतु सात वर्षांच्या मुलाच्या कानांनी ती ऐकून पाहावी. दोन हा अंक बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी आणि ब्याण्णव यांत किती सोंगे घेतो! पन्नास म्हणावे, तर पुढे एक्कावन्न आणि बावन्न यांत ‘वन्न’ येते, त्रेपन्न आणि चोपन्न यांत ‘पन्न’ येते, पंचावन्नला पुन्हा ‘वन्न’ आणि छप्पन्नला पुन्हा ‘पन्न’. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे करीत एकोणनव्वदपर्यंत दर दशकाचा शेवट पुढच्या दशकातून एक उणा करून सांगावयाचा. आणि मुलाने या नियमास अनुसरून नव्व्याण्णवच्या जागी ‘एकोणशंभर’ म्हटले तर मात्र तो चुकला म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घालावयाचा. एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत दहाच्या पटी वगळल्या तर बाहत्तर नावे उरतात. ती बहुतेक सुटी सुटी पाठ करावी लागतात. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, बोलताना आधी एकक आणि मग दशक, तर लिहिताना आधी दशक आणि मग एकक! ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. म्हणून जे मूल ३६ लिहिते ते कानांशी अप्रामाणिक नसते. ऐकले त्याच क्रमाने ते लिहीत असते. आपल्या शेजारच्या कानडी आणि तेलुगू मुलास ही अडचण पडत नाही. त्याच्या भाषेत दशक आधी आणि एकक मागून येतो, जसा पाटीवर येतो तसा.

या सुधारणेवर तीन मुख्य आक्षेप घेण्यात आले. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा की, ही नावे मराठी नव्हेत. ती इंग्रजीची नक्कल आहे. ज्यांचे खेड्याशी नाते उरलेले नाही त्यांनीच हे म्हणावे. आमच्या भागातील निरक्षर म्हातारी शेळ्या किंवा गोवऱ्या मोजताना ‘त्रेसष्ट’ म्हणत नसे. ती ‘तीन विसा नि तीन’ म्हणे. मोठा गठ्ठा आधी, सुटे मागून. हे तिला कोणत्या इंग्रजाने शिकविले होते? वीसाच्या गठ्ठ्यांऐवजी दहाचे गठ्ठे धरले की ‘तीन विसा तीन’ची ‘साठ तीन’ होते, यापलीकडे या नवलाईत नवल काही नाही. आणि इंग्रजीची नक्कल म्हणावयाची तर आपल्या घरात कान देऊन पाहावे. दूरध्वनीचा क्रमांक आपण कोणत्या भाषेत सांगतो? मुलास परीक्षेत किती गुण मिळाले हे शेजाऱ्यांस कोणत्या भाषेत ऐकवितो? २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून ज्या घरांतून पेढे वाटले गेले, त्याच घरांतील मुलांस एकोणऐंशी म्हणजे काय हे विचारून पाहावे. ते मूल आईच्या तोंडाकडे पाहील, आणि आई हसून ‘सेव्हन्टी नाईन’ म्हणेल. ‘साठ तीन’ ऐकून ज्यांचा मराठी बाणा खवळला त्यांच्या कानांस ‘सिक्स्टी थ्री’ मात्र गोड लागते, हा अभिमान कोणत्या जातीचा समजावा? ‘साठ तीन’ यातले दोन्ही शब्द निदान मराठी आहेत.

दुसरा आक्षेप : आमच्या पिढ्यानपिढ्या हीच नावे शिकल्या; आम्हांस काय अडचण पडली? यातील ‘आम्ही’ या शब्दाचा अर्थ तपासला पाहिजे. या ‘आम्हां’त शाळा पुरी केलेले तेवढेच येतात. दुसरीत, तिसरीत, चौथीत ज्यांनी पाटी खाली ठेवली ते या सभेस हजर नाहीत, म्हणून त्यांचे मत कोणी घेतले नाही. ज्या मुलाचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि कारखान्याचा हंगाम संपल्यावर परततात, त्याच्या वाट्यास शाळा येते ती मधूनच तुटलेली. जिंतूर तालुक्यातील तांड्यावरच्या बंजारा मुलाची घरची बोली मुळात मराठी नाही. त्यास ही बाहत्तर नावे परभाषेतील बाहत्तर शब्द म्हणून पाठ करावी लागतात. मध्यमवर्गाच्या घरी मुलास संध्याकाळी परवचा म्हणावयास लावणारे आजोबा असत. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांचा घोष घरात चाले. ज्याच्या घरी हा घोष होता त्यास नावे सोपी गेली यात गौरव नावांचा नाही, आजोबांचा आहे. ज्यास आजोबा नाहीत किंवा ज्याचे आजोबा स्वतःच ‘तीन विसा तीन’वाले आहेत, त्याने काय करावे? पुस्तक त्याच्यासाठी लिहावयाचे असते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : एका संख्येस दोन नावे शिकविली तर मुलांचा गोंधळ होईल, बाजारात ‘साठ तीन’ कोणी म्हणत नाही. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही मान्य करतो. शाळेतील नाव आणि बाजारातील नाव यांची कायमची फारकत झाली तर शाळा हास्यास्पद ठरेल. परंतु दोन नावांनी गोंधळ होतोच, हे मात्र आमच्या मुलखाचा इतिहास खोटे ठरवितो. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. शाळेत उर्दूत शिकणारा मराठी मुलगा ‘तिरसठ’ म्हणे, घरी ‘त्रेसष्ट’ म्हणे, आणि आजीबरोबर शेतावर गेला की ‘तीन विसा तीन’. बाजारात हाली सिक्का आणि कलदार रुपया असे दोन पैसे एकाच वेळी चालत. पुढे सात हालीस सहा कलदार हा भाव ठरला, तो अडाणी बाईही बोटांवर करी. रुपयाचे आणे सोळा होते. १९५७ मध्ये त्याचे शंभर नवे पैसे झाले, आणि कित्येक वर्षे लोक दोन्ही हिशेब चालवीत राहिले. नॉर्वे देशात तर हाच प्रश्न हुबेहूब उद्भवला होता. तेथेही ‘तीन आणि साठ’ अशा क्रमाने बोलत. टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून १९५१ मध्ये सरकारने ‘साठ तीन’ हा क्रम शाळांतून सुरू केला. तेथे अनर्थ झाला नाही. मात्र जुनी रीतही मेली नाही. आजही ती लोकांच्या बोलण्यात आढळते. यावरून दोन्ही पक्षांनी बोध घ्यावा. सुधारणेने भाषा मरत नाही, आणि सरकारी आज्ञेने जुने शब्दही मरत नाहीत. आमच्या मते ‘साठ तीन’ ही शिडी आहे. तिला घर समजू नये, पण घरात चढावयाचे असेल तर तिला लाथही मारू नये.

येथवर वाचून प्रस्तुत लेखक सुधारकांच्या पक्षाचा आहे असे वाचकांनी ठरविले असेल, तर आता थोडे थांबावे. कारण आमची खरी तक्रार दोन्ही पक्षांवर आहे. एका पक्षाने समजले की जुने नाव राखले की संख्या राखली; दुसऱ्या पक्षातील उत्साही मंडळींनी समजले की नाव सोपे केले की संख्या सोपी झाली. नाव म्हणजे संख्या नव्हे, हे दोघेही विसरले.

याची साक्ष कोठे दूर शोधावयास नको. ‘चारशे सात’ हे नाव पाहा. त्यात त्रेसष्टचा वाकडेपणा नाही. मोठे आधी, लहान मागून, सर्व काही सरळ. तरीही कोणत्याही प्राथमिक शिक्षकास विचारा : ‘चारशे सात’ लिही म्हटले की वर्गात काही मुले ४००७ लिहितात आणि काही ४७. का? कारण नावात शून्याचा उच्चारच नाही. दशकाच्या घरात कोणी नाही, हे नाव सांगत नाही; ते लिहिणाराने समजून घ्यावयाचे असते. तसेच, इंग्रजी माध्यमातील मुलास ‘सिक्स्टी थ्री’ हे सरळ नाव जन्मजात मिळाले आहे. तरी ४०० मधून १६७ वजा करताना तो हातचा कोठून आणतो आणि का आणतो, हे विचारा. तो ‘बॉरो’ करतो एवढेच सांगेल. कोणाकडून उसने घेतो, किती घेतो आणि ते परत का करीत नाही, हे त्यासही ठाऊक नसते. आमच्या त्या वर्गात मराठी माध्यमाची मुले होती तशी इंग्रजी माध्यमाचीही होती; नऊच्या प्रश्नापाशी दोन्ही सारखीच मुकी झाली.

तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत : नाव, अंक आणि संख्या. ‘त्रेसष्ट’ हे नाव आहे. ते भाषेचे आहे, आणि भाषा बदलली की बदलते. ‘६३’ ही अंकांची मांडणी आहे. ती दहाचे गठ्ठे बांधण्याच्या आपल्या रीतीची आहे, आणि गठ्ठा बाराचा किंवा विसाचा बांधला तर तीही बदलेल. परंतु अंगणात त्रेसष्ट कणसे पडली असतील तर त्यांच्यात जो गुण आहे तो नावाचाही नाही आणि अंकांचाही नाही. ती कणसे जोडीजोडीने लावली तर एक उरेल, म्हणून ती विषम. सातांच्या नऊ ओळींत ती नेमकी बसतील. त्यातली दोन काढून एकसष्ट केली, तर मात्र एकाच लांब ओळीखेरीज त्यांचा कोणताही सरळ चौकोन जमणार नाही, कारण एकसष्ट ही मूळ संख्या आहे. हे मराठीत खरे आहे, उर्दूत खरे आहे, रोमन लिपीत खरे आहे, आणि मोजणारा निरक्षर असला तरी खरे आहे. सातांच्या नऊ ओळी एका बाजूने पाहिल्या तर नऊ साते, दुसऱ्या बाजूने पाहिल्या तर सात नव्वे. पुस्तकात ज्यास गुणाकाराची क्रमनिरपेक्षता असे भारदस्त नाव आहे ती ही एवढीच. मुलास ते नाव पाठ होते. परंतु सात नव्वे आणि नऊ साते यांचे उत्तर एक का, असे विचारले की ते पुन्हा पाढ्यांकडे धाव घेते. पाढा साक्षीदार आहे, कारण नव्हे.

आता नऊच्या कोड्याचा उलगडा करू. वाचकांस तो ऐकण्याचा अधिकार आहे. ६३ मध्ये सहाचे मोल सहा नव्हे, सहा दहा आहे. अंक उलटे केले की सहाचा अंक दशकाच्या घरातून एककाच्या घरात येतो. दर एकामागे दहाचा एक झाला, म्हणजे दर एकामागे नऊ घटले. सहांमागे सहा वेळा नऊ घटले. उलट तीन एककातून दशकात गेले, तेव्हा दर एकाचे दहा होऊन तीन वेळा नऊ वाढले. सहा वेळा गेले, तीन वेळा आले. वजाबाकीत तीन नव्वे सत्तावीस उरले. येथे कोठे बीजगणित लागले? स्थानाची किंमत समजली की चौथीच्या मुलासही हे कळते; ती समजली नाही की पदवीच्या वर्गातही कळत नाही. आणि मौज अशी की, ही गोष्ट मोंढ्यावरचा जुना मुनीम पिढ्यानपिढ्या वापरीत आला आहे. जमाखर्चाचा मेळ बसत नसेल आणि फरकास नऊने भाग जात असेल, तर कोठे तरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, असा संशय तो प्रथम घेतो. का, हे त्यास ठाऊक नसेल. पण निदान त्याचा उपयोग त्यास ठाऊक असतो. आमच्या पदवीधरांस दोन्ही नाही.

संख्यांशी खेळण्यास मोठी साधने लागत नाहीत, हे दाखविणारा एक महाराष्ट्रीय शिक्षक होऊन गेला, त्याचे नाव या ठिकाणी घेतलेच पाहिजे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, यांनी १९३० पासून १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळेत शिकविले. त्यांनी दाखविले की, ज्यातील सर्व अंक एकच नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. उत्तरावर हीच क्रिया करीत जा. शेवटी ६१७४ येते आणि तेथेच राहते. ३५२४ घेऊन पाहावे : ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ राहिले, ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२ राहिले, ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४ राहिले. वाचकांनी हेही पाहावे की यातील प्रत्येक उत्तरास नऊने भाग जातो, कारण येथेही अंक फक्त जागा बदलत आहेत. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले तेव्हा जगास ते ठाऊक झाले. हा मनुष्य आपल्या मधला. कागद, पेन्सिल आणि पूर्ण संख्या एवढेच त्याचे भांडवल. परंतु आमच्या शाळांतून ६१७४ हा आकडा किती मुलांनी ऐकला असेल? २०१९ मध्ये जो आवेश ‘साठ तीन’विरुद्ध खर्ची पडला त्याचा शतांश जरी या कामी आला असता, तरी काही मुलांचे कल्याण झाले असते.

कोणी म्हणेल, लहान मुलांस ‘का’ विचारावयास शिकवू नये; आधी पाठ करावे, पुढे आपोआप समजते. पाठांतराची निंदा आम्ही करीत नाही. ज्यास पाढे येत नाहीत त्याचा प्रत्येक हिशेब लंगडा चालतो. परंतु ‘पुढे आपोआप समजते’ ही आशा आम्ही तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून पारखली आहे, आणि ती खोटी आहे. आपोआप काहीही समजत नाही. आणि ‘का’ हा प्रश्न बालिश तर मुळीच नव्हे. शून्याने भागले तर काय येते, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला की बहुधा ‘तसे भागायचे नसते’ म्हणून त्यास खाली बसवितात. याच प्रश्नावर ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये विचार केला आणि शून्यास शून्याने भागले असता शून्य येते असे सांगितले. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, ज्या साम्राज्यात आपला हा गोदाकाठही मोडत होता, महावीराचार्याने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात शून्याने भागलेली संख्या जशीच्या तशी राहते असे म्हटले. ११५० च्या सुमारास भास्कराचार्याने तिला ‘खहर’ असे नाव देऊन ती अनंत मानली. आज गणित म्हणते की अशा भागाकारास अर्थच नाही. कारण शून्याने गुणून पाच मिळतील अशी संख्याच नाही, आणि शून्याने गुणून शून्य तर कोणत्याही संख्येने मिळते. जेथे तीन महापंडितांस तीन वाटा दिसल्या तेथे एखाद्या मुलीस शंका आली, तर तिला खाली बसविणारा शिक्षक कोण? शून्य या एका संख्येपाशी नैसर्गिक संख्या संपून पूर्ण संख्यांचा संसार सुरू होतो. आणि तो संसार ज्या भूमीत थाटला गेला तेथेच त्याविषयी प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरावे, यासारखी दुसरी खेदाची गोष्ट नाही.

मग करावे काय? आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. जुनी मराठी नावे राखावीत. पण ती राखण्याची जागा विधिमंडळ नव्हे, जेवणाचे पान आहे. भाजीचा हिशेब, दुधाचा रतीब, आजोबांचे वय, गाडीची वेळ हे सर्व मुलापुढे मराठीत बोलावे. वर्षभरात एकोणऐंशी आणि नव्याण्णव त्याच्या जिभेवर येतील. जोवर येत नाहीत तोवर शिक्षकाने ‘साठ तीन’ म्हटले तर त्यास हसू नये. तांड्यावरच्या आणि फडावरच्या मुलास तर ती शिडी मिळालीच पाहिजे; आपल्या अभिमानाची किंमत त्याने का द्यावी? मुलाच्या हाती दहा काड्यांची जुडी द्यावी, ती त्यास स्वतः बांधू द्यावी आणि उसने घेताना स्वतः सोडू द्यावी. सोडलेल्या जुडीतून दहा सुट्या काड्या निघतात हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्यास हातच्याचे कोडे पडत नाही. आणि परीक्षेच्या गुणपत्रिकेपलीकडे आईबापांनी आठवड्यातून एकदा तरी ‘उत्तर किती?’ याऐवजी ‘असे का?’ हा प्रश्न विचारावा. मुलास उत्तर आले नाही तर रागावू नये. आपणांसही येत नसेल तर दोघांनी मिळून काड्या मांडाव्यात. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न कळलेल्या गोष्टीच्या नावासाठी भांडण्यात.

फळ्यावर ३६ लिहिणाऱ्या त्या मुलास आम्ही त्या दिवशी पुन्हा बोलाविले आणि अंक उलटल्याने नऊ कसे येतात हे वर्गास समजावून सांगण्यास लावले. आधी आम्ही त्यास सांगितले होते, हे खरे. पण त्याने ते आपल्या बोलीत, दहाच्या आणि एकाच्या नोटा धरून सांगितले, आणि आमच्यापेक्षा सोपे करून सांगितले. या वेळी कोणी हसले नाही. गणित आणि मराठी मूल यांच्यात आज छत्तीसचा आकडा आहे. त्यांची तोंडे समोरासमोर आणावयाची तर अंक बदलावे लागत नाहीत. जागा बदलावी लागते. ‘का’ या प्रश्नास आज आपण वर्गात आणि घरातही शेवटच्या बाकावर बसविले आहे. त्यास पहिल्या बाकावर आणून बसवावे, एवढीच आमची विनंती आहे.